पेढ्याला पोहायला शिकवताना

सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

बत्तीस वर्षं एसटी चालवली. गेवराई डेपोत कुणालाही विचारा, आश्रुबाच्या हातून एकदाही गाडी रस्ता सोडून खाली गेली नाही. त्याच आश्रुबाच्या शेततळ्यात काल कुत्रं घसरलं, आणि तेही लेकीच्या डोळ्यांदेखत.

मनीषा काल केजहून आली होती. तिथल्या एका दवाखान्यात ती सिस्टर आहे. कुत्रा तिचाच. तिच्या खोलीच्या मालकाला कुत्रं चालत नाही, म्हणून गणपतीच्या सुमारास तिनं त्याला इथं उमापूरच्या शेतात आमच्याकडे आणून ठेवलं. तोंड लॅब्राडोरचं, पाय गावठी आणि शेपूट कुणाकडून आली ते त्याच्या आईलाच माहीत. रंग पेढ्याचा म्हणून नाव पेढ्या.

दुपारी आम्ही जेवत होतो. हा पठ्ठ्या बगळ्यामागे धावला आणि शेततळ्याच्या काळ्या प्लास्टिकवरून सरळ खाली. तळ्याला तारेचं कुंपण आहे, पण पेढ्या खालून उकरून आत जातो. प्लास्टिकवर शेवाळ धरलेलं. तिथं माणसाचा पाय टिकत नाही, कुत्र्याच्या नखांचं काय घेऊन बसलात. जागच्या जागी पाय मारत होता बिचारा. मी दोरीचा फास टाकून ओढून काढला. दोन मिनिटांचं काम.

मनीषा बांधावर उभी होती. एक पाऊल पुढं आली नाही की मागं गेली नाही. पेढ्या वर आल्यावर तिनं त्याला ओढणीत गुंडाळलं आणि मला म्हणाली, "आप्पा, आता मी पाडव्यालाच येते. तवर ह्याला त्या पाण्यातून सोताहून भायेर येता आलं तर ठीक. न्हाईतर जालन्याची माझी मैत्रीण ह्याला न्यायला तयार हाय."

"अगं, पाडव्यापर्यंत गोदावरी पार करंल त्यो," मी म्हणालो. ती हसली नाही.

डायरी माझी आहे, तेव्हा खरं ते लिहून ठेवतो. पेढ्या यायच्या आधी मनीषा वर्षातून दोनदा यायची, दिवाळीला आणि पाडव्याला, आणि तेव्हाही परतीच्या गाडीची वेळ विचारूनच चप्पल काढायची. आता दर दुसऱ्या रविवारी तीन गाड्या बदलून येते. पेढ्या जालन्याला गेला की तिचे रविवारही जालन्याला जातील. ते मला होऊ द्यायचं नाही.

एक्केचाळीस दिवस आहेत. गावातली निम्मी पोरं मी पोहायला शिकवलीत. कुत्रं तर आईच्या पोटातून अर्धं शिकून आलेलं असतं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शेततळ्याच्या एका कोपऱ्यात जुन्या टायरांची शिडी केली. नऊ टायर नायलॉनच्या दोरीनं एकाखाली एक बांधून प्लास्टिकवरून पाण्यात सोडले. वर खांब रोवून पक्कं केलं. आता कुत्र्याला पोहता आलं की काम झालं.

माझी पद्धत सोपी आहे. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा, पोराला विहिरीच्या काठावर उभं करायचं आणि बोलता बोलता ढकलायचं. भीतीला वेळ दिला की ती वाढते, म्हणून वेळ द्यायचाच नाही. चुलतभावाचा सत्यम असाच शिकला. आज फौजेत आहे.

नापास एकच झाली, आमची मनीषा. नऊ वर्षांची होती. "आप्पा, थांबा, थांबा" चाललं होतं. सगळीच पोरं म्हणतात. ढकललं. भोपळ्याची गाठ सुटली, भोपळा एकीकडं आणि पोरगी दुसरीकडं. मी लगेच उडी मारून काढली. दोन घोट पाणी प्यायली, एवढंच. भोपळा मात्र आठ दिवस विहिरीत एकटाच पोहत होता. लग्नाकार्यात हा किस्सा सांगितला की लोक पोट धरून हसतात. मनीषाला विनोद जरा कमी कळतो, ती उठून आत जाते.

हल्ली भोपळे कोण वाळवतं? तेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन घेतले. मंजुळा, म्हणजे आमचं कुटुंब, दारात उभी राहून बघत होती.

"कुत्र्याला इचारलं का?" म्हणाली.

कुत्र्याला विचारून काही करायचं म्हटलं तर जगातली सगळी कुत्री आजन्म झोपूनच राहतील.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सकाळी नऊ. हवा कोरडी. पेढ्याला पायऱ्यांच्या विहिरीवर नेलं. पाठीवर दोन कॅन, छातीखालून सुतळी, गाठ माझ्या हातची. तो चार पाय रोवून मागे मागे सरकत होता. कानाला कुरवाळलं आणि ढकललं.

कॅन फिरून पोटाखाली गेले. पेढ्याचे चारी पाय वर आणि तोंड पाण्यात. मी होतो तसा उडी मारली, पायजमा, बनियन, खिशात मोबाइल. कॅन तोडून त्याला पायरीवर ठेवेपर्यंत माझाच श्वास संपत आला होता. पेढ्यानं अंग झाडलं नाही, भुंकला नाही, शेपूट पायांत घालून घराकडे गेला आणि बाजेखाली शिरला.

पद्धत चुकलेली नाही, गाठ चुकली. मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवला आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पेढ्या माझ्या हातची भाकरी खात नाही. मंजुळानं टाकली तर खातो. मी ओसरीवर बसलो की तो माझ्याकडे पाठ करून बसतो, तीही नीट आखल्यासारखी सरळ.

मंजुळा भाजी निवडत होती. म्हणाली, "मनी बी अशीच बसलती. आठ दिस. माझ्या पदराआड."

"बावीस वर्सं झाली त्याला."

"व्हय. तिच्या ध्यानात हाय, तुमच्या न्हाई."

मंजुळाला जुनं उकरून काढायची सवय आहे. विषय कुत्र्याचा चालला होता.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्रीच्या फराळाला पेढ्यापुढंही रताळं ठेवलं. हुंगलं आणि सोडून गेला. माझ्याकडे बघून शेपूट हलवली नाही, त्याला आज सहा दिवस झाले. कुत्र्याचं एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नाही. पण लागलं.

मनीषाचा फोन आला, तिच्या आईच्या मोबाइलवर. आईशी वीस मिनिटं बोलली. मी शेजारीच होतो. "आप्पास्नी सांग, बीपीची गोळी चुकवू नका म्हणावं," एवढा निरोप माझ्या वाट्याला आला. मधल्या दोन्ही रविवारी तिनं ड्युटी लावून घेतली आहे.

शनिवार, १ मार्च

उपाय सापडला, आणि शिकवणारी निघाली भामाबाई.

भामाबाई रोज दहाच्या सुमाराला पाच म्हशी घेऊन रस्त्याकडेच्या पाझर तलावावर येते. मी काठावर उभा राहून तलावाचा उतार बघत होतो. इथं विहिरीसारखी एकदम खोली नाही, चिखलातून हळूहळू खाली जातो. पेढ्याला इथं ढकललं तर कसं, असा माझा हिशोब चालला होता. भामाबाईला सगळं सांगितलं. तिनं तंबाखू मळून तोंडात टाकली.

"डायवर, म्हशीला कुणी पाण्यात ढकलतं का?"

"म्हशीचं येगळं हाय. तिला पाणी आवडतं."

"पयल्या दिशी न्हाई आवडत. पारडू काठावर उबं राहून वरडतंय. माय आत जाऊन बसती. मागं वळून बघत बी न्हाई. मग येतंय पारडू."

"अन् न्हाई आलं तर?"

"तर उद्या येतंय. तुमाला कावून घाई? कुटं गाडी पकडायचीय?"

मी आयुष्यभर गाडी चालवली, पकडली कधीच नाही, हे मी तिला ऐकवलं. पण घरी येताना तिचंच बोलणं डोक्यात होतं. कबूल करतो.

सोमवार, ३ मार्च

आज पाझर तलावात पाऊण तास बसलो. वय एकसष्ट, पाच म्हशींच्या रांगेत सहावा. पेढ्याला घेऊन मंजुळा काठावर बसली. दोरी नाही, काही नाही. ठरल्याप्रमाणे मी त्याच्याकडे पाठ केली आणि मागं वळून बघितलं नाही, म्हणजे दोनदाच बघितलं.

गेवराईची गाडी रस्त्यानं गेली. ड्रायव्हरनं ओळखून हॉर्न दिला आणि खिडक्यांतून माणसं बघायला लागली. मी म्हशीसारखी मान दुसरीकडे फिरवली.

पेढ्या आला नाही. उद्या येईल.

गुरुवार, ६ मार्च

चौथा दिवस. पंजे भिजले.

मी पाठमोरा बसलेलो. मागं चुबुक चुबुक आवाज आला, मग गरम श्वास मानेवर. त्यानं माझ्या कानाला नाक लावलं आणि उलट पळाला. काठावर जाऊन भुंकला. परत आला. असं सात वेळा. मंजुळा तोंडाला पदर लावून हसत होती. माझे डोळे भरून आले, पण पाण्यात बसलेल्या माणसाचं ते कुणाला कळत नाही, ही सोय आहे.

रात्री त्यानं माझ्या हातची भाकरी खाल्ली. अर्धीच, पण खाल्ली.

सोमवार, १० मार्च

पोटापर्यंत पाणी येऊ देतो. पाय सुटले की मात्र घाबरतो. पुढचे पाय पाणी हाणतात आणि मागचे नुसते लोंबतात, मग बुड खाली जातं आणि बुडतोय असं त्याला वाटतं. दोष सापडला की निम्मं काम झालं, गाडी असो की कुत्रं.

मंजुळाचं जुनं लुगडं चौघडी घालून त्याच्या पोटाखालून घेतलं. एक टोक माझ्या हातात, दुसरं तिच्या. ती पातळ खोचून गुडघाभर पाण्यात उतरली. असं त्याला लुगड्याच्या झोळीत तरंगत ठेवून दहा-दहा पावलं चालवलं. तिसऱ्या फेरीला मागचे पाय चालू झाले. मला हाताला कळलं, वजन एकदम हलकं झालं.

"सोडू का?" मी विचारलं.

"त्याचं त्यालाच सुटू द्या," मंजुळा म्हणाली.

नाही सोडलं. पूर्वीचा आश्रुबा असता तर सोडलं असतं. मी शिकवण्यात तयार होत चाललो आहे.

शुक्रवार, १४ मार्च, धुळवड

पेढ्या पोहला. एकटा. लुगडं नाही, कॅन नाही.

भामाबाईची एक म्हैस खोल पाण्यात गेली. पेढ्या तिच्या मागे निघाला, आणि पाय कधी सुटले ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तोंड वर, कान मागे, शेपूट सुकाणूसारखी. म्हशीला वळसा घालून परत आला आणि आम्हा दोघांच्या अंगावर सगळं पाणी झाडलं. मग पुन्हा गेला. आता बाहेर यायलाच तयार नाही. धुळवडीला आमच्या अंगावर एवढंच पाणी पडलं, पण चिंब झालो.

लगेच मनीषाला फोन केला. मोबाइल तांदळातून उठला आहे, फक्त आवाज बोगद्यातून आल्यासारखा येतो. सगळं रंगवून सांगितलं. विहिरीचं सोडून.

"बरं," ती म्हणाली. मग थांबून, "पण आप्पा, पोहणं न्हवतं इचारलं मी. भायेर येणं इचारलं."

हातच्या कांकणाला आरसा कशाला? परवा शेततळ्यात चाचणी घेतो.

रविवार, १६ मार्च

चाचणी घेतली. पेढ्या नापास. खरं म्हणजे मी.

छातीला पट्टा आणि पट्ट्याला लांब दोरी बांधून त्याला शेततळ्यात उतरवलं. पोहला झकास. पण बाहेर यायला निघाला आणि जिथं होता तिथंच प्लास्टिकवर चढायला लागला. घसरला. दोन हात पुढं जाऊन पुन्हा तेच. चारी बाजू खरवडून झाल्या. टायरांचा कोपरा सोडून सगळीकडे गेला. टायरांजवळून दोनदा गेला आणि बघितलंही नाही. शेवटी दम लागून मान खाली जायला लागली तेव्हा मी दोरी ओढली.

गाडी उत्तम चालते, पण स्टँड कुठं आहे तेच तिला ठाऊक नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. परवा मनीषाला फोनवर केवढ्या बढाया मारल्या. आज पहिल्यांदाच वाटलं की जमणार नाही, आणि पाडव्याला ती पेढ्याला घेऊन तीनच्या गाडीनं निघून जाईल. जेवण गेलं नाही.

मंगळवार, १८ मार्च

जमणार. का जमणार नाही?

आसाराम माझा कंडक्टर. एकोणीस वर्षं आम्ही एका गाडीवर काढली. मी निवृत्त झालो तेव्हा त्यानं मला भंगार बाजारातून एका मोडीत निघालेल्या गाडीची घंटी आणून दिली, दोरीसकट. इतकी वर्षं ती ओसरीवर टांगलेली आहे. काल संध्याकाळी तिच्याखालीच विचार करत बसलो होतो. आसारामला फोन लावला.

"अबे, एकोणीस वर्सं मी तुला दोन घंट्यांवर चालवलं," तो म्हणाला. "कुत्रं तुझ्यापेक्षा हुशारच असंल."

घंटीचा कायदा साधा आहे. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. त्यात वाद नाही. गाडीत प्रवासी बोंबलत असतात, कुणाची टोपी उडाली, कुणाचं पोर रडतंय. माणसाच्या ओरडण्याला मी कधीच गाडी थांबवली नाही. पण एक घंटी झाली की पाय ब्रेकवर, मग घाट असो की पूल.

टायरांच्या कोपऱ्यातल्या खांबाला घंटी बांधली. दोरी खाली सोडली, वरून तिसऱ्या टायरापर्यंत, म्हणजे पाण्यापासून हातभर. वाजवणाराही पाण्याजवळ दिसला पाहिजे. वरून हुकूम सोडलेला पेढ्या मानत नाही, हे मला आता कळलं आहे.

आज कोरड्यावर सुरुवात. टण् टण्, की टायरांपाशी उकडलेलं अंडं. दुपारपर्यंत कोंबड्यांचं आजचं सगळं उत्पन्न त्याच्या पोटात गेलं.

मंगळवार, २५ मार्च

पाण्यातून घंटीकडे, दहापैकी नऊ वेळा. टायरांत पंजे अडकवून वर कसं चढायचं ते त्यानं स्वतःच शोधलं, पुढचे दोन आत, मग बुडाला झटका. दहाव्या वेळी मी समोरच्या काठावर होतो आणि मंजुळा घंटी वाजवत होती, तर हा घंटी सोडून माझ्याकडे आला. मला रागवायला हवं होतं. रागवलो नाही.

उद्यापासून मी लपून बसणार. त्याला माझी नाही, घंटीची सवय लागली पाहिजे.

शनिवार, २९ मार्च

सगळी तयारी झाली. उद्या नऊला मनीषा येईल. गुढी, चहा, मग साडेदहाला परीक्षा. मनीषाला बांधावर खुर्ची. मी समोरून पेढ्याला सोडीन, मंजुळा घंटी देईल. पट्टा आणि दोरी असेलच. शेवटी चार शब्द बोलेन म्हणतो, पद्धतीबद्दल.

घोडामैदान जवळ आलं. झोप येत नाही, पण ती काही भीतीची नाही.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

परीक्षा झाली. मी नव्हतो.

सकाळी गुढी उभारताना लक्षात आलं की साखरेची गाठी आणायचीच विसरलो. परीक्षेच्या नादात. गाठीशिवाय गुढी कशी उभारायची? मोटारसायकल काढून गावात गेलो. तेवढ्यात मनीषा आली, आणि तेवढ्यातच बगळा आला.

पुढचं मंजुळानं सांगितलं ते लिहितो. ती पुरण वाटत होती. पेढ्या तारेखालून आत गेला आणि सपकन आवाज झाला. पट्टा नाही, दोरी नाही. मनीषा तळ्याकडं पळाली. मंजुळा मागून ओरडली, "मने, टायरांवरची घंटी वाजीव, दोन!" आणि भरल्या हातानं धावली.

"पोरगी बांधावर जाऊन थांबली," मंजुळा म्हणाली. "मला वाटलं, आता काय ही उतरत न्हाई, मलाच जावं लागतंय. मी निम्म्यात असंन. तर ही बसली खाली. अन् बसत बसत, एकेक टायर धरून उतरली. डोळे मिटूनच. दोरी घावली तशी वाजवली. दोन कुटल्या, पंदरा-ईस वाजवल्या. पेढ्या त्या टोकाला खरवडत हुता. त्यानं मान वळवली अन् आला बघा सरळ. सोताच्या पायानं चढला."

मी गाठी घेऊन पोचलो तेव्हा मनीषा तिसऱ्या टायरावर बसलेली होती. पेढ्या मांडीवर, पाडव्याचा नवा ड्रेस चिंब, आणि पाय घोट्यापर्यंत पाण्यात. हे तिच्या लक्षात होतं की नाही कुणास ठाऊक. मी वरून दोन टायर उतरून तिच्या मागे बसलो.

"माझी परीक्षा मी नसतानाच घेतली व्हय," मी म्हणालो.

ती पेढ्याचे कान पुसत होती. "कसं शिकवलं, आप्पा?"

बोलायचं सगळं पाठ करून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही.

"आदी ढकललं त्याला," मी म्हणालो. "विहिरीत."

तिचे हात थांबले. "मग?"

"मग चुकलं. दहा-बारा दिस माझ्याकडं बगत न्हवता. मग मीच पाण्यात जाऊन बसलो, पाठ करून. त्याला वाटलं तवा आला."

"कावून चुकलं? गाठ सुटली म्हणून?"

गाठ चुकली, असं मी याच वहीत लिहिलं आहे. मागं उलटून बघितलं तर सापडेल.

"न्हाई," मी म्हणालो. "त्यो नको म्हणत हुता."

मनीषा पाण्याकडे बघत होती. "मी बी म्हणत हुते."

"व्हय. ऐकू आलतं मला."

ती रडली असेल तर पाठमोरी होती. पेढ्या दोघांच्या मधे शिरून बसला आणि त्यानं माझ्या हातातली गाठी चाटायला सुरुवात केली. गुढीला शेवटी अर्धीच गाठी लागली.

दुपारी जेवताना ती आईला म्हणाली, "पेढ्या हितंच राहू दे." मग भात कालवत म्हणाली, "उद्या ईदची सुट्टी हाय. मी बी राहते आज." तीनची गाडी तीनला गेली. मी ओसरीवरून हॉर्न ऐकला.

लग्नाकार्यात तो भोपळ्याचा किस्सा आता सांगणार नाही. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते आज आठवून बघितलं. आठवलं नाही.

सोमवार, ३१ मार्च

सकाळी साडेसात. पाझर तलाव. हवा स्वच्छ.

मनीषानं खांबावरची घंटी सोडून पिशवीत घातली होती. कशाला, ते मी विचारलं नाही. काठावर चपला काढून ती उभी राहिली. पेढ्या आधीच पाण्यात.

"आदी तुमी," ती म्हणाली.

मी मांडीपर्यंत पाण्यात जाऊन तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. मागं वळून बघितलं नाही, आज एकदाही नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग चिखलात पाऊल रुतल्याचा आवाज आला. मग दुसरं. मी एक हात मागं करून ठेवला होता. त्या हातात बोटं आली, गार पडलेली. नऊ वर्षांची असताना विहिरीतून काढल्यावर होती तशीच गार. ती गुडघ्यापर्यंत आली असेल.

मी पुढचं पाऊल उचललं, तोच मागून टण्. एक घंटी.

थांबलो. पाय होता तिथंच खाली ठेवला.

भामाबाईच्या म्हशी आल्या, शेजारी बसल्या. भामाबाईनं काठावरून बघितलं आणि तंबाखू मळत दुसरीकडे निघून गेली. पेढ्या दोनदा बाहेर जाऊन अंग झाडून आला. गेवराईची गाडी गेली. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी हललो नाही.

बऱ्याच वेळानं तिनं दोन दिल्या.